वाजतच नाय हे

मागच्या पावसाळ्यात माझे वडील, आण्णा, पुण्याला आमच्याकडे आले होते तेव्हा त्यांना जरा कणकण होती. मी डिजिटल थर्मामीटर काखेत लावायला दिला, वाजला की काढा म्हणून सांगितलं आणि कुकर लावायला आत गेले. थोड्या वेळाने आतूनच मला तो बारीक टिटिट-टिटिट ऐकू आला, म्हटलं झालं. कुकर लावला, कोथिंबीर निवडली, मधेच एक फोन आला तो घेतला आणि बाहेर येऊन बघते तर आण्णा तसेच. हात अंगाशी घट्ट दाबून, ताठ, जुन्या फोटो स्टुडिओत बसल्यासारखे. पंधरा-वीस मिनिटं तरी झाली असतील. मला बघून म्हणाले, "बॅटरी गेलीया वाटतं ह्याची. वाजतच नाय हे." मी थर्मामीटर घेतला, पुसला, बटण दाबून माझ्याच काखेत धरला. मिनिटाभरात वाजला. आमच्यात फार तर दीड हाताचं अंतर होतं आणि आण्णा माझ्या तोंडाकडे बघत होते, काय म्हणतंय, वाजलं का, असं.

मी म्हटलं, "हो, बॅटरीच गेली असणार."

का खोटं बोलले काय माहीत. आण्णांना कमी ऐकू येतं हे काही नवीन नव्हतं, घरात सगळ्यांना ठाऊक होतं, त्यावर जोकही होते. पण 'कमी ऐकू येणं' म्हणजे मी आजवर काय समजत होते तर टीव्हीचा आवाज कुणीतरी दोन-चार काड्या खाली केलाय, बस. मोठ्याने बोललं की झालं. त्यांना ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, ढग गडगडलेले येतात, खालच्या मजल्यावरच्या माणसाची खोकल्याची उबळसुद्धा येते, आणि हा बीप, जो मला दोन भिंती ओलांडून आला, तो त्यांच्यासाठी जगातच नव्हता. हे मला रात्री झोपेपर्यंत टोचत राहिलं. कोणकोणत्या गोष्टी त्यांच्या जगातून अशा न सांगता उठून गेल्या असतील?

आण्णांनी इचलकरंजीत यंत्रमागावर चौतीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून लावून देणारा म्हणून. इचलकरंजीच्या माणसाला मागाचा आवाज समजावून सांगायला लागत नाही आणि बाहेरच्याला कितीही सांगून कळत नाही. आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे मारला जातो, लाकडाला लोखंड आणि लोखंडाला लोखंड, मिनिटाला शंभरावर वेळा, आणि असे चोवीस माग पत्र्याच्या एका शेडमध्ये. आवाज कानात जायच्या आधी छातीत शिरतो. दुपारी डबा घेऊन जायचे तेव्हा दारातच माझ्या पोटात काहीतरी हलायचं, पायाखालची फरशीसुद्धा बारीक थरथरत असायची, आणि नाकात तेलाचा आणि खळ लावलेल्या सुताचा वास. आमच्या गल्लीत रात्रपाळीपण चालायची त्यामुळे आम्ही पोरं त्या खटखटीवरच झोपलो, वाढलो. लाईट गेली की माग एकेक करत मंदावत थांबायचे आणि त्या शांततेने आम्ही दचकून जागे व्हायचो. माझ्या लहान भावाला पाळण्यात झोपवताना आई हे देवा लाईट जाऊ नको म्हणायची ती पंख्यासाठी नाही.

शेडमध्ये कुणी बोलत नाही. बोलतात, पण हाताने. दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटलाय, मूठ वळून पुढे-मागे केली की धोट्यातल्या सुताच्या कांड्या संपल्या, अंगठा तोंडाशी नेला की चहा, आणि तळहात खाली करून हात छातीसमोर आडवा धरला की माग बंद. आण्णा हे सगळं इतकं सफाईने करायचे की मला वाटायचं ही त्यांचीच भाषा आहे. घरी आल्यावरसुद्धा जेवताना पोळी नको असली की हात आडवा. आई चिडायची, "तोंडाला काय झालं?"

थर्मामीटरच्या त्या प्रकारानंतर महिन्याभराने मी त्यांना तपासणीला घेऊन गेले, अर्थात 'सहज, बीपी बघायला जातोय तर कानपण' असं काहीतरी गुंडाळून. ती एक छोटी खोली असते, भिंतींना स्पंज, जाड दार, आत गेलं की स्वतःचाच श्वास ऐकू येतो. आण्णांना हेडफोन लावले, हातात एक बटण दिलं, आवाज आला की दाबा. मी काचेबाहेर. मला आवाज ऐकू येत नव्हते, फक्त ती ऑडिओलॉजिस्ट मुलगी एकेक नॉब फिरवत होती ते दिसत होतं. सुरुवातीला आण्णा पटापट बटण दाबत होते, जरा ऐटीतच, माझ्याकडे बघून एकदा मान पण हलवली. मग दाबणं विरळ झालं. मग बराच वेळ काहीच नाही. ती आवाज वाढवत होती आणि आण्णा बटणावर अंगठा ठेवून, कपाळाला आठ्या घालून, समोरच्या भिंतीकडे बघत वाट बघत होते. अगदी थर्मामीटर लावल्यावर बसले होते तसेच.

तिने ग्राफ काढून दिला. जाड, म्हणजे खालच्या पट्टीतल्या आवाजांच्या बाजूला रेघ जवळजवळ सरळ, ठीकठाक, आणि मग पुढे एकदम खड्ड्यात, ४००० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ४००० कंपनांच्या बारीक सुराला सगळ्यात खोल, नंतर किंचित वर. तिने न विचारताच ओळखलं, "काका कुठे कामाला होते? मोठा आवाज असायचा का?" म्हातारपणाने जाणारं ऐकणं उताराच्या रस्त्यासारखं उतरत जातं म्हणे, आवाजाने गेलेलं असं ४००० च्या आसपास खड्डा पाडून जातं. मी घरी येऊन थर्मामीटरचा बीप फोनवरच्या एका ॲपने मोजला. जवळपास तिथेच.

मग मी पुढचे काही आठवडे कानावर मिळेल ते वाचत बसले. शाळेत आपण हातोडी, ऐरण आणि रिकीब पाठ केलेली असते, त्या तीन हाडांपर्यंत परीक्षेचा प्रश्न संपायचा. खरी गंमत त्याच्या आत आहे. वाटाण्याएवढा एक शंख, अडीच वेढ्यांचा, उलगडला तर जेमतेम ३५ मिलिमीटर. त्यात पाणी भरलेलं असतं, म्हणजे आपण हवेतला आवाज शेवटी पाण्यातच ऐकतो. रिकीब त्या पाण्याला ढकलते, पाण्याची लाट आतल्या एका पडद्यावरून पळते आणि तो पडदा पेटीच्या पट्ट्यांसारखा लावलेला असतो, दाराजवळ बारीक सूर, आत शेवटच्या टोकाला जाड सूर. प्रत्येक सुराची लाट आपापल्या जागेवर जाऊन सगळ्यात उंच होते. हे पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं गेओर्ग फॉन बेकेशी नावाच्या हंगेरियन माणसाने, तो डॉक्टर नव्हता, टेलिफोनच्या प्रयोगशाळेत नोकरीला होता, मेलेल्या माणसांचे कान उघडून त्यात चकचकीत कण टाकून तो सूक्ष्मदर्शकाखाली लाट बघायचा. १९६१ साली त्याला नोबेल मिळालं.

त्या पडद्यावर पेशींच्या रांगा असतात, डोक्यावर बारीक केसांचा झुपका असलेल्या, म्हणून केसपेशी. एका कानात सगळ्या मिळून साधारण पंधरा-सोळा हजार. डोळ्यात प्रकाश ओळखणाऱ्या पेशी दहा कोटींच्या वर आहेत आणि आपलं ऐकणं एवढ्या मूठभरांवर चाललंय हे वाचून मी उगाच कानाला हात लावून बघितला. झुपका अगदी कणभर, म्हणजे कणसुद्धा मोठाच झाला, इतका जरी वाकला तरी केसांच्या टोकांना जोडणारे धागे ताणले जातात, दारं उघडतात, पोटॅशियम आत शिरतं आणि नस पेटते. धागे. मला लगेच मागावर उभे धागे ज्यांतून ओवतात ती वही आणि फणी आठवली, उभ्या धाग्यांत घोळणारे आण्णांचे हात आठवले.

यातल्या खऱ्या ऐकणाऱ्या पेशी फक्त साडेतीन हजार. बाकीच्या बारा हजार काय करतात तर नाचतात. आवाज आला की त्या स्वतः लांब-आखूड होतात आणि हळू आवाजाला धक्का देऊन मोठा करतात, ॲम्प्लिफायरच. कान हा असा स्वतः काहीतरी करत असणार हे थॉमस गोल्डने १९४८ लाच सांगितलं होतं पण कुणी मनावर घेतलं नाही, तीस वर्षं. १९७८ मध्ये डेव्हिड केम्पने कानात बारीक माईक घालून दाखवलं की कानातून आवाज बाहेर येतो. चांगला कान ऐकता ऐकता गुणगुणत असतो. आता जन्मलेल्या बाळांची तपासणी ह्याच गुणगुणीवर होते. माझी चिमी दोन दिवसांची होती तेव्हा तिच्या कानात एक मऊ बोंडूक घालून मशीनवर हिरवा दिवा लागला होता आणि मला तेव्हा वाटलं होतं की मशीनने बाळाला काहीतरी ऐकवलं. ऐकवलं होतंच, पण ते निमित्त. मशीन तिचं ऐकत होतं.

आण्णांच्या कानातल्या आधी मेल्या असतील त्या ह्या नाचणाऱ्या.

मोठ्या आवाजात झुपके आडवे होतात. महापुरात ऊस आडवा होतो तसे, २०१९ ला आमच्या तिकडे पंचगंगेकाठी बघितलाय तो. थोडा वेळच पाणी राहिलं तर ऊस पुन्हा उठतो, वाकडा का होईना. रोजच पूर आला तर मुळासकट कुजतो. कानाचंही तेच, एखाद्या रात्री डीजेसमोर उभं राहिलं की कान कापूस घातल्यासारखे होतात, कुंईं वाजतं, सकाळी सगळं ठीक, आपण म्हणतो गेलं. पण २००९ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की तपासणी पूर्ववत आली तरी पेशी आणि नस यांचे कितीतरी जोड तुटलेलेच राहतात. आणि पेशी एकदा मेली की नवी येत नाही. कोंबडीला येते, हे १९८० च्या दशकात सापडलं, चिमणीला, पोपटाला सगळ्या पक्ष्यांना परत येते. आपल्याला नाही. हे वाचताना खरंच राग आला मला, कोंबडीचा.

हिशोब केला. आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सावधगिरीची मर्यादा मानतात आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा करायचा. आपल्याकडे कारखान्यांसाठी ९० धरत आलेत, असो. साध्या मागांच्या शेडमध्ये १०० च्या आसपास असतं. म्हणजे दिवसाला पंधरा मिनिटं. आण्णांची पाळी बारा तासांची होती. कायद्यात हे नव्हतं असंही नाही, फॅक्टरी ॲक्टच्या आजारांच्या यादीत आवाजाने आलेला बहिरेपणा लिहिलेला होता, पण त्या यादीबद्दल शेडमध्ये कुणी कधी ऐकलं नाही, आणि ऐकायला येण्यासारखी जागाही नव्हती ती. एकदा कुणीतरी येऊन कानात घालायची फोमची बोंडं वाटून गेलं होतं, आण्णांनी आणून ती आम्हाला खेळायला दिली. मी आत्ता विचारलं, घातली का नाहीत? तर म्हणाले, "मग माग कसा ऐकू येणार?"

ह्यावर मला काही बोलताच आलं नाही. कारण ते खरं होतं. चोवीस मागांच्या त्या गोंधळात आण्णा शेडच्या दारात उभे राहून सांगायचे की सातव्याचा पट्टा सैल आहे, पलीकडच्याचा धोटा नीट बसत नाही. शेजारच्या कारखान्यातून त्यांना बोलवायला यायचे, जरा ऐकून जा म्हणून. बघून जा नाही, ऐकून जा. त्या कानावर त्यांचा पगार होता, इज्जत होती, माझी बारावीची फी होती. ज्या हत्याराने काम करायचं तेच रोज थोडं थोडं झिजवत होते आणि घरी त्याच्यावर आम्ही जोक करत होतो.

ते जोक तरी काय. आई म्हणायची, "सुपारी आणा." आण्णा म्हणायचे, "दुपारी कशाला, आत्ताच जातो की." आम्ही हसून हसून लोळायचो. आता कळतं की आ, ई, ऊ हे स्वर जाड असतात, दमदार असतात, ते त्यांना व्यवस्थित पोचायचे. स, श, फ, त, ख ही मंडळी वरच्या पट्टीतली आणि वर अशक्त, ती खड्ड्यात पडायची. म्हणजे त्यांना वाक्य ऐकू यायचं पण भोकं पडलेलं, आणि ती भोकं ते अंदाजाने बुजवायचे, दिवसभर, सगळ्यांशी. बायकांचे आणि पोरांचे आवाज तर आणखी बारीक. म्हणून पुरुषमाणसं बोलली की आण्णांना नीट कळायचं आणि आई बोलली की नाही, आणि आईने ह्याचा जो अर्थ काढायचा तो चाळीस वर्षं काढला. "माझंच तेवढं ऐकू येत नाही ह्यांना." मीही काढला. दहावीत असताना काहीतरी जीव तोडून सांगत होते आणि ते मख्ख बसले होते, मी ओरडले तर दचकून म्हणाले, "वरडतीस कशाला एवढं?" हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठं बोललं की सहन होत नाही, मधलं अंतरच आकसून जातं, हे अशा कानांचं ठरलेलं लक्षण आहे. मी मात्र ते स्वभावाच्या खात्यात टाकून मोकळी झाले होते. सगळं कानाचंच होतं असं म्हणून आता आण्णांना संत करायचं नाहीये मला, काही वेळा ते खरंच ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, आई सांगेल. पण कुठलं कुठे, ते आता कोण वेगळं करणार.

त्याच शंखाला चिकटून तोल सांभाळणाऱ्या तीन कमानी असतात, आणि त्यांच्यापायी आईचीपण एकदा वरात निघाली होती. पहाटे कुशीवर वळली आणि अख्खी खोली फिरली. बीपी म्हणाले, पित्त म्हणाले, मावशीने मानेचे मणके म्हणून सांगितलं. डॉक्टरने तिला टेबलावर आडवं केलं, डोकं एका बाजूला, मग दुसऱ्या, मग कुशीवर, मग उठून बसा, पाच मिनिटं. कानात चुनखडीचे बारीक खडे असतात, त्यातले काही निसटून कमानीत शिरले होते, ते परत जागेवर ढकलले. आईचा आजही त्यावर विश्वास नाही, औषध न देता बरं केलं म्हणजे नक्की काहीतरी वेगळं होतं. आणि गल्लीतले एक काका होते, त्यांना टीबीसाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं झाली होती. टीबी गेला. पण रात्री लाईट गेली की ते भिंतीला हात लावूनच चालायचे, उजेडात डोळ्यांनी सावरायचे, अंधारात डोलायचे. आम्ही पोरं त्यांना प्यायलेले समजायचो. औषधाने जीव वाचवला आणि तोलाच्या पेशी घेऊन गेलं. ऐकू न येणाऱ्याला, डोलणाऱ्याला आपण काय काय ठरवून टाकतो ना.

पुण्यात तांबट आळीत मी तांब्याचं भांडं घ्यायला गेले होते मधे. मठारकाम चालू होतं, बोळातून ठण ठण ठण, गिऱ्हाईक आणि कारागीर भुवयांनी बोलत होते. १७१३ साली रामाझ्झिनी नावाच्या इटालियन वैद्याने व्हेनिसच्या तांबटांबद्दल हेच लिहून ठेवलंय, दिवसभर तांबं ठोकतात आणि म्हातारपणी पार बहिरे होतात. तीनशे वर्षं झाली. आणि आपण गणपतीत स्वतः वर्गणी काढून साऊंडची भिंत आणतो. आमच्या चौकात मागच्या वर्षी एक बाप खांद्यावर पोरगं घेऊन स्पीकरच्या समोर नाचत होता, पोरगं दोन्ही हातांनी कान धरून. मी काही बोलले नाही. बोलले असते तरी ऐकू गेलं नसतं.

श्रवणयंत्र घेतलं. पहिले दोन दिवस आण्णा हरखले, बाथरूमचा नळ गळतो हे त्यांनीच सांगितलं, चिमी वर्तमानपत्र चुरगाळायला लागली की चमकून बघायचे. तिसऱ्या दिवशी काढून ठेवलं. म्हणाले भांडी डोक्यात पडतात, आणि सगळे एकदम बोलायला लागलात की शेडमध्ये उभं राहिल्यासारखं होतं. यंत्र आवाज वाढवतं, मेलेले सूर वेगळे करायचं काम ते करू शकत नाही. मी सवयीने जमेल म्हणाले, डॉक्टरपण तेच म्हणाले. सध्या ते यंत्र डबीत असतं आणि डबी देव्हाऱ्याच्या खणात. पाहुणे आले की घालतात, पाहुणे गेले की काढतात.

एका रात्री गॅलरीत बसलो होतो, चौथा मजला, समोर हायवे. आण्णा म्हणाले, "हितंपण रातकिडं हैत व्हय गं? आपल्या तिकडं परसात असत्यात तसंच." मी कान देऊन ऐकलं. गाड्या होत्या फक्त. मग लक्षात आलं की हे किडे त्यांच्या आतले आहेत, कितीतरी वर्षांपासूनचे, आणि आमच्या परसातल्या नारळाखाली ते ज्यांना ऐकत बसायचे तेही हेच असणार. खरे रातकिडे त्यांच्या त्या खड्ड्यातच ओरडतात, ते त्यांना कधीच गेले. मी म्हटलं, "हैत की आण्णा. खालच्या बागेत."

दिवाळीनंतर परत ताप आला. चिमीने थर्मामीटर आणून त्यांना लावला, डॉक्टरीणबाई होऊन समोर स्टूलवर बसली आणि मी बाजूला भाजी चिरत होते. आण्णांनी हात दाबून धरला आणि भिंतीकडे न बघता माझ्याकडे बघत राहिले. मीही त्यांच्याकडे. टिटिट-टिटिट झालं तशी मी सुरी खाली ठेवली आणि तळहात खाली करून हात छातीसमोर आडवा धरला. आण्णा एक क्षण बघतच राहिले, मग हसले, आणि काखेतून थर्मामीटर काढून चिमीच्या हातात दिला.